मुदत संपलेली टेप

ऐली हाक्कालाचं माणसांबद्दल फारसं चांगलं मत नव्हतं, आणि टॅमरॅक ग्रेन कंपनीतल्या सदतीस वर्षांत ते बदलावं असं कुणी वागलंही नव्हतं. कॅनडातल्या थंडर बेच्या बंदरावर कंपनीची धान्याची चार अजस्र कोठारं होती. पश्चिमेकडून रेल्वेनं गहू यायचा, कोठारांत चढायचा आणि तिथून सरोवरातल्या जहाजांच्या पोटात ओतला जायचा. गव्हाचा एक दाणाही ऐलीच्या हाताला कधी लागला नाही. ती मुख्य कचेरीच्या तळघरात बसायची, बॅकअपच्या खोलीत. वरच्या मजल्यांवरच्या आणि कोठारांतल्या संगणकांत दिवसभर जे काही लिहिलं जाई त्याची नक्कल टेपवर उतरवायची, टेपेला चिठ्ठी डकवायची, टेपा फळीवर लावायच्या आणि दर सोमवारी वर्ष उलटलेल्या टेपांचं खोकं बंद पडलेल्या दोन नंबर कोठाराच्या कचेरीत नेऊन ठेवायचं, हे तिचं काम.

"वर बसलेल्यांना काल काय बोललो ते आज आठवत नाही," ती म्हणायची, "म्हणून आठवण ठेवायला तळघरात एक बाई ठेवलीय."

या काळात तिच्या डोक्यावर अकरा साहेब येऊन गेले. ती त्यांना नावानं नाही, नंबरानं ओळखायची. चौथ्याला बॅकअपची टेप आणि गाण्यांची कॅसेट यांतला फरक शेवटपर्यंत कळला नाही. सातव्यानं तळघराच्या दारावर 'माहिती केंद्र' अशी पितळी पाटी लावली आणि छतातून पाणी ठिबकत होतं ते तसंच ठिबकू दिलं. नववा सभेत झोपायचा. ऐलीच्या मते अकरांत तोच बरा, कारण झोपलेला असताना तो काही बिघडवत नसे.

तिची एक सवय साऱ्या कचेरीत टिंगलीचा विषय झाली होती. प्रत्येक टेपेच्या कोपऱ्यात एक बारीक लाल खिटी असते. ती नखानं सरकवली की टेपेला कुलूप लागतं. मग कुठलंही यंत्र ती टेप वाचू शकतं, पण तिच्यावर एक अक्षर लिहू शकत नाही. यंत्रातून टेप बाहेर आली की ऐलीचा उजवा अंगठा आधी त्या खिटीवर जायचा. त्यासाठी तिनं तेवढ्या एकाच अंगठ्याचं नख वाढवलं होतं. नाताळच्या पार्टीत एकदा कुणीतरी तिला नखाला लावायची लाल रंगाची बाटली भेट दिली. तिनं ती घेतली आणि देणाऱ्याची पुसून गेलेली फाइल परत काढायला मुद्दाम अडीच आठवडे लावले.

टेपेला जशी खिटी असते तशी मुदतही असते. टॅमरॅकमध्ये ती सात वर्षांची. सात वर्षं झाली की बॅकअपचं सॉफ्टवेअर आपल्या यादीतून त्या टेपेचं नाव पुसून टाकतं. तेवढंच. किराण्याच्या यादीतून पीठ खोडलं म्हणून डब्यातलं पीठ संपत नाही, हे ऐलीनं प्रत्येक साहेबाला सांगून पाहिलं आणि प्रत्येकानं ते ऐकून मान डोलावली. नियमाप्रमाणे मुदत संपलेल्या टेपा तुकडे करायला पाठवायच्या होत्या. पण त्या फॉर्मवर दोन सह्या लागत, आणि दुसरी सही ज्या अभिलेख अधीक्षकाची, ते पदच कंपनीनं २०१४ साली काटकसरीत रद्द केलं होतं. फॉर्म बदलायचं कुणाच्या डोक्यात आलं नाही. तेव्हापासून टॅमरॅकची एकही टेप मेली नाही. सगळ्या दोन नंबरच्या फळ्यांवर धूळ खात पडून होत्या. कंपनीच्या मूर्खपणाचा कुणाला कधी उपयोग होईल असं ऐलीला वाटलं नव्हतं.

उपयोग व्हायची वेळ आली ती ओरेस्ट बिलिकमुळे.

ओरेस्ट चार नंबर कोठाराच्या नियंत्रण कक्षात बसायचा. गव्हाची धूळ हवेत साचली की एक ठिणगी पुरते, म्हणून ती ओढून घ्यायला कोठारात मोठाले पंखे असतात. १३ ऑक्टोबर २०११च्या सकाळी, जहाज भरत असताना, तीन नंबरचा पंखा बंद होता. दहा वाजून अठ्ठावन्न मिनिटांनी स्फोट झाला आणि खालच्या मजल्यावर काम करणारा लिओ पावलुक गेला. लिओ म्हणजे ओरेस्टच्या बहिणीचा, डार्काचा नवरा. कंपनीनं चौकशी केली आणि अहवालात लिहिलं की पंखा नियंत्रण कक्षातून बंद केला गेला असावा. यंत्राची नोंद मात्र मिळू शकली नाही. नियंत्रण कक्षात त्या वेळी ओरेस्ट एकटा होता. म्हणजे नाव न घेता नाव घेऊन झालं. त्याला कुणी कामावरून काढलं नाही, तुरुंगात घातलं नाही. तो आपणच नोकरी सोडून घरी बसला, कर्लिंग या बर्फावरच्या खेळाच्या क्लबात यायचा बंद झाला आणि डार्कानं त्याला दार उघडणं बंद केलं.

दोघांची घरं एकाच रस्त्यावर, मध्ये फक्त तीन घरं. दर वर्षी सहा जानेवारीला, त्यांच्या युक्रेनी नाताळाच्या संध्याकाळी, ओरेस्ट मध-खसखस घातलेल्या गव्हाच्या खिरीचं भांडं बहिणीच्या पायरीवर ठेवून येई. सकाळी ते भांडं त्याच्या स्वतःच्या पायरीवर असे. झाकण उघडलेलंसुद्धा नसे.

अहवालातलं ते 'नोंद मिळू शकली नाही' ऐलीनं त्याच वर्षी वाचलं होतं, आणि हसून हसून तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. कारण नोंदीची टेप तिच्याच खोलीत, तिच्याच फळीवर होती आणि ती मागायला तळघरात कुणी उतरलंच नव्हतं. दर शनिवारी दुपारी तिच्या भावाच्या सरोवराकाठच्या सुट्टीच्या घरी, कॅम्पवर, सगळे जमत. तिथल्या सौनात, म्हणजे वाफेच्या खोलीत, तापलेल्या दगडांसमोर फळीवर बसून ती हा किस्सा सांगायची. अहवाल लिहिणाऱ्या साहेबाचा नाकातला आवाज काढायची, "मिळू शकली नाही, मिळू शकली नाही," असं म्हणत टॉवेलखाली, फळीखाली, बादलीत टेप शोधायची. तिची भावजय लेम्पी दर वेळी पोट धरून हसायची. पुढे नवीन पाहुणा आला की लेम्पीच आग्रह करू लागली, "ऐली, ते टेपेचं करून दाखव ना." असं चौदा वर्षं चाललं.

यंदाच्या एप्रिलमध्ये, खाडीवर अजून बर्फ असताना, ओरेस्ट टोपी हातात घेऊन तळघराच्या दारात उभा राहिला. ऐलीच्या निवृत्तीला तेव्हा सहा आठवडे उरले होते.

"वरच्या बाईनं पाठवलं," तो म्हणाला. "म्हणाली, तळघरात विचारा."

"तळघरात पाठवलं म्हणजे तुला कटवलं. बस."

त्यानं खिशातून पत्र काढून दिलं. कंपनीकडे त्यानं त्या दिवसाच्या नोंदीसाठी अर्ज केला होता, आणि उत्तर आलं होतं की जतनाची मुदत २०१८ साली संपली असल्यानं अशी नोंद अस्तित्वात नाही. ऐलीनं ते वाचलं आणि तिला नेहमीचं हसू फुटलं.

"अस्तित्वात नाही म्हणे. अरे, मुदत संपली म्हणजे टेप संपते का? दोन नंबरमध्ये पडलीय ती. एकोणिसावं खोकं, डावीकडची फळी. यांचं तेव्हाही असंच होतं, 'मिळू शकली नाही.' मिळेल कशी, मागितली कुणी? त्या तिथं होती बघ, समोर. अहवाल लिहिणारा तिसऱ्या मजल्यावर पर्शियन नावाचा गोड पाव खात बसला होता, बोटांचा गुलाबी पाक चाटत. चाळीस पायऱ्या उतरायच्या तर जिवावर..."

बोलता बोलता ती थांबली, कारण ओरेस्ट हसत नव्हता.

"तुला माहीत होतं," तो म्हणाला.

"टेप कुठंय ते माहीत होतं. तिच्यात काय आहे ते नाही."

"पण आहे, एवढं माहीत होतं."

"कुणी फॉर्म घेऊन आलं नाही, ओरेस्ट. फॉर्मशिवाय मी टेप काढत नाही. साहेबालासुद्धा नाही."

"असा फॉर्म असतो हेच मला माहीत नव्हतं," ओरेस्ट म्हणाला. "माहीत असतं तर त्याच दिवशी आलो असतो."

त्याचा आवाज चढला नव्हता. तो चढला असता तर ऐलीला उत्तर देता आलं असतं. अकरा साहेबांच्या आळसावर ती आयुष्यभर तोंडसुख घेत आली होती, आणि त्या सगळ्या यादीत आपलंही नाव असायला हवं होतं हे तिला आज कळलं. चाळीस पायऱ्या जशा उतरता येतात तशा चढताही येतात. तिला स्वतःची मनस्वी लाज वाटली, आणि लाज वाटली की ती करायची तेच तिनं केलं: ओरेस्टवर खेकसली.

"आता तरी नीट लिही. 'नोंद द्या' असं लिहू नकोस, ते 'नाही' म्हणून मोकळे होतात. लिही, की अमुक तारखेची टेप अमुक खोक्यात अस्तित्वात आहे आणि ती वाचण्यात यावी. खोक्याचा नंबर घाल. आणि एक प्रत थेट विनिपेगला, कंपनीच्या वकिलीणबाईंना."

"डार्काला कळेल का?" त्यानं विचारलं. "मला बाकी काही नको. माझी पत्रं ती उघडत नाही. कंपनीचं पत्र उघडेल."

आठवड्याभरात वकिलीणबाईंचं उत्तर आलं. टेप अस्तित्वात असेल तर ती वाचावीच लागेल, आणि जे निघेल ते अर्जदाराला आणि मृताच्या पत्नीला लेखी कळवावं लागेल. ओरेस्टला हवं होतं तेच.

अकरावे साहेब, केंडल प्रूइट, पत्र घेऊन खाली आले. ते टोरंटोहून आले होते आणि तळघरात आले की भिंतीला हात लागू नये अशा बेतानं उभे राहत.

"ऐली, तुम्ही आता आरामात राहा," ते म्हणाले. "याच्यासाठी आपण बाहेरून तज्ज्ञ बोलावतोय."

"टेप वाचायला तज्ज्ञ?"

"प्रक्रिया नीट व्हायला हवी. शिवाय तुमचं ज्ञान कुणाकडे तरी सोपवायला हवंच ना."

"सदतीस वर्षांचं ज्ञान तो किती दिवसांत घेणार?"

"तीन," केंडल म्हणाले.

तज्ज्ञ आला. ब्राइस टॉलिव्हर नाव, पंचेचाळिशीचा, कानांवर हेडफोन, आल्या आल्या त्यानं ऐलीची खुर्ची आपल्या उंचीची करून घेतली. ऐलीनं १३ ऑक्टोबरची टेप दोन नंबरमधून आणून, धूळ पुसून, खिटी बंद आहे हे नखानं चाचपून त्याच्या हातात दिली आणि सावकाश सांगितलं:

"ही एकट्या यंत्रात घालायची, त्या कोपऱ्यातल्या. मोठ्या कपाटात घालायची नाही. तिची मुदत संपलीय, सॉफ्टवेअरच्या लेखी ती कोरी टेप आहे. कपाटाला कोरी टेप दिसली की ते तिच्यावर लिहितं. कळलं?"

"हो, हो," ब्राइस म्हणाला. एक हेडफोन त्यानं तेवढ्यापुरता कानावरून सरकवला होता.

मोठं कपाट म्हणजे शंभर टेपांचं यंत्र. आत एक लोखंडी हात फिरतो, हवी ती टेप उचलतो, यंत्रात घालतो, परत जागेवर ठेवतो. दिसायला छान असतं. कोपऱ्यातलं जुनं यंत्र दिसायला छान नव्हतं. ब्राइसनं टेप कपाटात घातली. कपाटानं ती तपासली, कोरी समजून तिच्यावर नाव घालायला गेलं आणि अडलं. पडद्यावर सूचना आली की टेपेला कुलूप आहे, लिहिता येत नाही. ज्याला काम येतं त्यानं ही सूचना वाचून देवाचे आभार मानले असते. ब्राइसला ती अडचण वाटली. त्यानं टेप बाहेर काढली, लाल खिटी शोधली, पेनाच्या टोकानं उघडली आणि टेप परत आत घातली. सूचना गेली. त्यानं आपल्या अहवालात लिहिलं, 'किरकोळ दोष दूर केला.'

हे झालं शुक्रवारी दुपारी. ऐलीला त्या दिवशी साठलेली रजा संपवायला सक्तीनं घरी बसवलं होतं. तीन वाजता आठवड्याचा मोठा बॅकअप नेमाप्रमाणे सुरू झाला, लोखंडी हातानं समोरची पहिली कोरी टेप उचलली आणि टॅमरॅक ग्रेन कंपनीचा त्या आठवड्याचा सगळा पत्रव्यवहार, कॅन्टीनच्या जेवणाच्या यादीसकट, २०११च्या ऑक्टोबरवर लिहून काढला.

सोमवारी सकाळी ऐलीनं यादी पाहिली. तिनं दोनदा पाहिली. मग ती शांतपणे ब्राइसच्या, म्हणजे स्वतःच्या, खुर्चीपाशी जाऊन उभी राहिली.

"खिटी कुणी उघडली?"

"कुठली खिटी? अच्छा, ती. सिस्टिम लिहू देत नव्हती."

"तुला वाचायचं होतं की लिहायचं होतं?"

ब्राइसनं दोन्ही हेडफोन काढले. पहिल्यांदाच. तेवढ्यात केंडल खाली आले, त्यांनी सगळं ऐकून घेतलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जे पसरलं ते दुःख नव्हतं हे ऐलीनं बरोबर ओळखलं.

"दुर्दैवी आहे," केंडल म्हणाले. "पण शेवटी मुदत संपलेलीच टेप होती ना. कधीतरी जाणारच होती. आता जुनं काही परत येईल का?"

"नाही. सुरुवातीला नवं लिहिलं गेलं की यंत्र जुन्यापर्यंत पोचतच नाही."

"मग आपण विनिपेगला कळवू. सर्व वाजवी प्रयत्न करूनही..." ते जिना चढताना वाक्य जुळवतच गेले.

ऐली जागेवर बसली. खुर्ची अजून ब्राइसच्या उंचीची होती, तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. एरवी तिनं हा किस्सा शनिवारसाठी बांधून ठेवला असता. ब्राइसचा 'किरकोळ दोष' तर सोन्यासारखा होता. पण या वेळी तिला हसू येईना. ओरेस्टला काय सांगायचं, याच्यापलीकडे डोकं चालत नव्हतं. मग हळूहळू, कामाच्या सवयीनं, ते चालू लागलं. कोठारातलं नियंत्रणाचं यंत्र आपल्या नोंदी चाळीस दिवस जवळ ठेवायचं. म्हणजे १३ ऑक्टोबरच्या नोंदी त्या महिन्याच्या अखेरीलाही यंत्रात असणार. आणि महिन्याच्या अखेरीला ऐली सगळ्याची एक वेगळी टेप काढायची. ती टेप कुणी मागितली नव्हती, म्हणून ब्राइसला तिचा पत्ता नव्हता.

तिनं फॉर्म काढला. सदतीस वर्षांत हजारो फॉर्म तिच्या हातांखालून गेले होते, पण 'मागणी करणाऱ्याचे नाव' या रकान्यात तिनं स्वतःचं नाव कधी लिहिलं नव्हतं. ते आज लिहिलं. जोडीला वकिलीणबाईंच्या पत्राची प्रत लावली आणि चाळीस पायऱ्या चढून तो केंडलच्या टेबलावर नेऊन ठेवला.

"सही करा. नाही केलीत तर का नाही केली ते विनिपेगला मीच कळवते."

केंडलनी सही केली. नाही म्हणायलाही धमक लागते.

बुधवारी सकाळी सात वाजता ऐलीनं कोपऱ्यातलं जुनं यंत्र पुसून घेतलं. ते भंगारात टाका असा केंडलचा दोन वर्षांपूर्वीचा हुकूम होता. कपाटाबाहेर टेप नुसती वाचायची तर हेच एक यंत्र आहे हे त्यांच्या हुकुमाला माहीत नव्हतं. तिनं आधी साफसफाईची टेप फिरवली. मग ३१ ऑक्टोबर २०११ची टेप हातात घेतली, खिटी बंद असूनही तिच्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं आणि आत सरकवली. यंत्र घरघरलं. पहिल्या फेरीत सॉफ्टवेअरनं टेपेवर काय काय आहे ते नुसतं चाळलं, दुसऱ्या फेरीत एकेक फाइल पुन्हा आपल्या यादीत घेतली. शेवटी त्यानं विचारलं की या टेपेची नवी मुदत काय धरायची. ऐलीनं 'कधीच संपत नाही' निवडलं.

अर्जदाराला आपली नोंद कचेरीत बसून पाहता येते असा नियम होता, म्हणून तिनं ओरेस्टला दोनला बोलावलं होतं. तो दीडलाच आला. इस्त्री केलेला सदरा, नुकतीच दाढी केलेली. लिओच्या अंत्यविधीला तो जाऊ शकला नव्हता. त्या दिवशी घालायचा होता तो हाच सदरा असावा असं ऐलीला उगाच वाटलं.

तिनं १३ ऑक्टोबरची फाइल उघडली आणि सकाळचे दहा गाठले. ओळी खाली सरकत गेल्या. पट्टा सुरू, पट्टा बंद, दार उघडं, दार बंद. मग ती ओळ आली. दहा बेचाळीस. पंखा तीन, बंद. कुठून: जागेवरचा फलक. किल्ली: सतरा.

"नियंत्रण कक्ष नाही," ऐली म्हणाली. "खालून बंद केलाय. पंख्याजवळच्या फलकावरून. प्रत्येकाला आपापल्या नंबराची किल्ली असायची ना, तुझी कुठली होती?"

"चार."

"मग सुटलास. चौदा वर्षांनी का होईना." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "ओरेस्ट?"

ओरेस्ट पडद्याकडे बघत होता. त्यानं बोट त्या ओळीवर ठेवलं आणि तसंच ठेवून दिलं.

"सतरा लिओची," तो म्हणाला.

मग तो बोलू लागला, तिच्याशी नाही, पडद्याशी.

"तेव्हा सगळेच करायचे. पंखा धूळ ओढतो, धूळ म्हणजे वजन. जहाजात वजन कमी भरलं की कोठाराचा अधीक्षक बोलणी खायचा, मग तो आम्हाला सांगायचा, भरताना तीन नंबर थोडा वेळ बंद ठेवा रे. कागदावर कधी नाही. जाता जाता, खांद्यावर हात ठेवून. लिओ सांगितलेलं ऐकणारा माणूस."

ऐलीनं वरच्या चाळीस ओळी पाहिल्या, खालच्या चाळीस पाहिल्या. बटण कुणाच्या किल्लीनं दाबलं ते यंत्रानं सेकंदासकट लिहून ठेवलं होतं. दाबायला कुणी सांगितलं ते लिहायची सोय कुणी केली नव्हती.

"मला वाटायला लागलं होतं की मीच केला असेल," ओरेस्ट म्हणाला. "सगळे म्हणतात म्हटल्यावर. झोपेत हात हलायचा माझा. मी नव्हतो, ऐली."

"नव्हतास. आणि आता तुझ्या बहिणीला ते लेखी जाईल. वाच म्हणावं बस."

"नाही जायचं."

"काय?"

"तिच्या दारामागं त्याचं जाकीट आहे अजून. खिडकीतून दिसतं. तू हे पाठवलंस तर ती ते जाकीट कुठं ठेवेल?"

"आणि तू? खिरीचं भांडं न्यायचं आणि आणायचं, मरेपर्यंत?"

"माझ्यावर चिडायला तिला मी आहे, चार घरांवर. लिओवर चिडायची झाली तर लिओ कुठंय?" त्यानं टोपी उचलली. "मला कळलं. मला स्वतःला कळलं. तू आता लिही, मिळालं नाही म्हणून."

"ते मी लिहिणार नाही," ऐली म्हणाली. "दुसरं काहीही लिहीन. ते नाही."

"चौदा वर्षांपूर्वी तुला जे करता येत होतं ते तू केलं नाहीस," ओरेस्ट म्हणाला. यात राग नव्हता, तो नुसता आठवण देत होता. "मग आज माझं एवढं कर."

तो गेल्यावर ऐली फॉर्म पुढ्यात घेऊन बसली. खालच्या रकान्यात निष्कर्ष लिहायचा होता. प्रती तीन: एक विनिपेगला, एक ओरेस्टला, एक डार्का पावलुकला. साडेचार वाजता तिनं पेन उचललं आणि स्वच्छ, वळणदार अक्षरात लिहिलं, 'नोंद मिळू शकली नाही.' खाली सही केली. मग टेप बाहेर काढून खोक्यात ठेवली आणि चिठ्ठीवर तारखेखेरीज काही लिहिलं नाही.

केंडलनी फॉर्म वाचला आणि त्यांना मनापासून आनंद झाला.

"बघा, ऐली. मी सुरुवातीपासून हेच म्हणत होतो. मुदत संपली की संपली. उगाच सगळ्यांचा वेळ गेला."

अकरा साहेबांत एकानंही तिच्यापुढे शेवटचा शब्द मिळवला नव्हता. आज तिच्याकडे द्यायला उत्तर होतं, पुराव्यासकट, आणि ते गिळून तिला म्हणावं लागलं, "हो. तुमचं बरोबर होतं." केंडलना तेही पटलं.

शनिवारी कॅम्पवर लेम्पीची चुलतबहीण सडबरीहून आली होती. दगड चांगले तापले होते, बाहेर सरोवराचा बर्फ कडेनं सुटायला लागला होता. लेम्पीनं ऐलीला कोपरानं ढोसलं.

"हिनं ऐकलं नाहीये. ते टेपेचं करून दाखव. तो अहवालवाला साहेब कसा बोलायचा?"

ऐलीनं डावानं बादलीतलं पाणी दगडांवर टाकलं. वाफ उठली, सगळ्यांनी माना खाली घातल्या.

"नोंद मिळू शकली नाही," ती तिच्या स्वतःच्या आवाजात म्हणाली.

लेम्पी हसायला लागली, मग ऐलीकडे पाहून थांबली. पाहुणीनं विचारलं की पुढे काय झालं. ऐली म्हणाली, पुढे काही नाही, आणि पुन्हा डाव भरला.